विमानातून सायकल न्यायची तर आधी परतीचा विचार करा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला जायचं ठरवलंय, सायकल स्वतःचीच न्यायची आहे, नाशिकहून मुंबई आणि तिथून एक थांबा घेऊन पॅरिस. पुठ्ठ्याचा खोका घ्यावा की कडक केस, सायकलीचं काय काय सोडवावं, विमानवाले अडवतात का आणि कस्टमचं काय.

मी पुण्यात सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो आणि २०१९ आणि २०२३ अशा दोन्ही वेळा ही राइड करून आलोय. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या सायकली बांधून देतो त्या वेगळ्याच. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी एक गोष्ट. सायकल बांधायची म्हटली की प्रत्येक जण जातानाच्या बांधाबांधीचा विचार करतो. ती घरी होते, वेळ असतो, दुकान जवळ असतं, मदतीला कुणीतरी असतं. खरी परीक्षा परतीची. बाराशे किलोमीटर, नव्वद तासांची मुदत, त्यात झोप मिळाली तर एकूण सहा-सात तास. हँडलवर एवढा वेळ भार टाकला की तळहातातली नस दबते आणि करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. कुणाचं दोन दिवस, कुणाचं महिनाभर. २०१९ ला राइड संपल्यावर दुसऱ्या दिवशी मी लॉजच्या व्हरांड्यात सायकल उघडायला बसलो, तर चार नंबरची ॲलन की हातात धरवेना. शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमचे बोल्ट कसले सोडवतोय! त्यात उजवं पेडल जाम. जाताना घाईत ग्रीस न लावता बसवलं होतं. शेवटी पान्यावर उभा राहिलो तेव्हा ते सुटलं, आणि मी व्हरांड्याच्या कठड्यावर आपटलो. दुकानदार माणूस, बारा वर्षांचा अनुभव, आणि ही अवस्था.

तेव्हापासून माझा हिशेब सोपा आहे. बधिर बोटांनी, स्वतःच्या पिशवीतल्या हत्यारांनी, एका तासात जी बांधता येईल, तीच पद्धत घरून निघतानाही वापरायची. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मी याच हिशेबाने देतो.

खोका की केस? कडक केस दिसायला दणकट, पण रिकामी असतानाच तिचं वजन दहा-बारा किलो भरतं. बहुतेक तिकिटांत एका नगाला तेवीस किलोची मर्यादा असते. दहा-साडेदहा किलोची सायकल आत घातली की संपलं, हत्यारं आणि पंप कुठे ठेवणार? शिवाय बहुतेक केसमध्ये दोन्ही चाकं, सीटपोस्ट म्हणजे सीटची दांडी, हँडल सगळं सोडवावं लागतं. पुठ्ठ्याचा खोका, ज्यात नवीन सायकल दुकानात येते तोच, चार-पाच किलोचा. त्यात मागचं चाक जागेवर ठेवून सायकल बसते. म्हणजे परतीला निम्मं काम कमी. खोका कुठल्याही सायकलीच्या दुकानात मागा, फुकट नाहीतर चहापाण्याच्या पैशांत मिळेल. फक्त तुमच्या सायकलीच्या मापाचाच घ्या. लहान मुलांच्या सायकलीचा खोका उचलून आणलेला माणूस मी पाहिलाय. साधारण १४० सेंटीमीटर लांब, ८० उंच आणि २० रुंद हे माप रोड सायकलीला चालतं.

खोक्याचा एकच शत्रू, पाऊस. आणि ही राइड येते ऑगस्टमध्ये. २०२३ ला मी पुण्याहून पहाटे टॅक्सी केली, खोका टपावरच्या कॅरिअरला बांधला, वर ताडपत्री. खंडाळ्याच्या घाटात पाऊस असा आडवा आला की ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडायला लागलं. खालापूरच्या टोलनाक्यापाशी उतरून पाहिलं तर खोक्याची खालची घडी भिजलेल्या पापडासारखी. हात लावला की बोट आत. विमानतळाबाहेर गाडीच्या डिकीवर बसून अर्धी चिकटपट्टी संपवली. तुम्हाला कसारा घाट उतरायचाय, तोही ऑगस्टात, तेव्हा टपाचं नावच काढू नका. मागची सीट पाडता येते अशी मोठी गाडी सांगा आणि आदल्या दिवशी टेपने मोजून बघा. खोक्याच्या आत आधी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, गादीवर येते तसली, आणि सायकल त्या पिशवीत ठेवा. मग पुठ्ठा भिजला तरी आतलं कोरडं राहतं. तळाला आणि चारी कोपऱ्यांना बाहेरून रुंद टेपचे दोन थर.

आता सोडवायचं काय. पेडल, पुढचं चाक, हँडल, सीटपोस्ट, आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, त्याच्या कानावरून. एवढंच.

पेडलबद्दल जरा सांगतो, कारण सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि आयत्या वेळी सगळे विसरतात. सोपी खूण ही: पाना पेडलपासून सरळ वर उभा धरा आणि मागच्या चाकाच्या दिशेने ढकला. दोन्ही बाजूंची पेडलं अशीच सुटतात. घट्ट करताना पुढच्या चाकाकडे. जाण्याच्या पंधरा दिवस आधी दोन्ही एकदा सोडवा, आट्यांना ग्रीस फासा आणि परत बसवा. काही पेडलांना पंधराचा पाना लागतो, काहींना आतल्या बाजूने सहा किंवा आठची ॲलन. तुमच्या पेडलला काय लागतं ते बघा आणि तेच बरोबर घ्या. आठची की दुसऱ्याकडे मिळेल या भरवशावर राहू नका.

डिरेलर ज्या पातळ अल्युमिनियमच्या कानाला लटकतो तो हँगर मुद्दाम कमकुवत बनवलेला असतो, धक्का बसला तर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. खोका आडवा पडला की पहिला बळी त्याचा. म्हणून पाचच्या ॲलनने डिरेलर सोडवायचा, चेन तोडायची नाही, बबलच्या कागदात गुंडाळून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात आतल्या बाजूला झिप टायने बांधायचा. तरीही हँगर वाकू शकतो. हा भाग प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. राइड जिथून सुटते त्या रांबुइये गावच्या दुकानात तुमच्या फ्रेमचा मिळेल ही आशा सोडा. एक सुटा हँगर पाकिटात हवाच.

हँडलचे पुढचे चार बोल्ट काढले की हँडल सुटतं. ते वरच्या दांड्याला समांतर बांधायचं. स्टेम फोर्कवरून, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरून, काढू नका. तो काढला की हेडसेटचा, म्हणजे फोर्क ज्यात फिरतो त्या बेअरिंगचा, ताण पुन्हा लावत बसावं लागतं आणि झोप न झालेल्या डोक्याला ते काम जमत नाही. हँडलचा कोन आणि सीटपोस्टची उंची दोन्ही ठिकाणी काळ्या इन्सुलेशन टेपची पट्टी मारून ठेवा. अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे झाला तर शंभर किलोमीटरला कळत नाही, पण सहाशेला गुडघा ओरडायला लागतो.

डिस्क ब्रेक असतील तर पुढची चकती काढून पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये सँडविचसारखी ठेवा. वाकली की प्रत्येक फेऱ्याला घासणार. ब्रेक पॅडच्या मधे प्लास्टिकचा तुकडा घाला. नवीन सायकलीबरोबर येतो तो, नाहीतर जुन्या बँक कार्डाचा जाड तुकडाही चालतो. ब्रेक तेलाचे असतील आणि चाक काढलेलं असताना चुकून लीव्हर दाबला गेला, तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत आत जात नाही. खोका उलटा राहिल्यामुळे कधीकधी लीव्हर मऊ लागतो. घाबरू नका, सायकल रात्रभर सरळ उभी ठेवा, सकाळी आठ-दहा वेळा दाबा, येतो जागेवर.

फोर्कच्या दोन टोकांमध्ये आडवा तुकडा लागतोच, तोही दुकानदाराकडे मागा. तो नसेल तर फोर्कवर वजन पडलं की टोकं जवळ येतात, आणि टोकं पुठ्ठ्यातून बाहेर येतात ते वेगळंच. मी तिथे थर्माकोलचा जाड ठोकळा लावतो. पुढच्या चाकाचा ॲक्सल काढून घ्या आणि हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, दोन्ही तोंडांवर टोप्या घाला. बाकी सगळ्या दांड्यांना एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम. एसीवाल्याकडे मीटरवर मिळतो, उभा चिरून घातला की झालं. एक महत्त्वाचं: हे सगळं बांधायला झिप टाय कमी आणि वेल्क्रोच्या पट्ट्या जास्त वापरा. झिप टाय कापायला कात्री लागते, परतीला नवे लागतात. वेल्क्रो बधिर बोटांनीही ओढता येतो.

टायरमधली हवा. विमानात टायर फुटतो ही समजूत इतकी खोलवर बसलीय की काउंटरवरचा माणूस विचारतोच. प्रवासी विमानाच्या सामानाच्या कप्प्यातही केबिनइतकाच हवेचा दाब असतो, साधारण आठ हजार फुटांवर असतो तेवढा. म्हणजे ऐंशी पीएसआय भरलेल्या टायरमध्ये फरक पडतो चारेक पीएसआयचा. मनाली-लेह करणारे लोक सतरा हजार फुटांच्या खिंडीत भरल्या टायरने जातात, तिथे कुणाचे टायर फुटत नाहीत. पण नियम नियम असतो आणि वाद घालण्यात विमान चुकतं. मी हवा कमी करतो, संपवत नाही. वीस-पंचवीस पीएसआय ठेवतो, त्याने रिम वाचते. ट्यूबलेस असेल तर हे आणखी जरुरीचं, पूर्ण हवा गेली की टायरची कड रिमवरून सुटते आणि आतला चिकट द्रव खोकाभर होतो.

बॅटऱ्यांचं मात्र गंभीरपणे घ्या. पॉवर बँक खोक्यात ठेवायची नाही म्हणजे नाही, हातातल्या बॅगेतच. शंभर वॅट-तासांपर्यंत चालते. वीस हजार एमएएचची बँक साधारण चौऱ्याहत्तर वॅट-तासांची भरते, म्हणजे बसते. सुट्या लिथियम बॅटऱ्या, दिव्याच्या असोत की इलेक्ट्रॉनिक गिअरच्या, हातातच आणि टोकांना टेप लावून. बॅटरीवर चालणारी सायकल न्यायचा विचार कुणी करत असेल तर तिची बॅटरी चारशे-पाचशे वॅट-तासांची असते, प्रवासी विमानात ती घेत नाहीत. हवा भरायच्या सीओटूच्या छोट्या नळकांड्या घरीच ठेवा. नियमात काही ठिकाणी त्यांना वाट आहे, पण एक्स-रेच्या यंत्रापुढे उभं राहून नियम समजावून सांगायची माझी तयारी नाही. तिथे पोचल्यावर विकत घ्या. उलट पाने, ॲलन की, छोटा पंप हे सगळं खोक्यात. हातातल्या बॅगेत मल्टिटूल राहिलं तर सुरक्षा तपासणीत ते काढून घेतात, आणि चांगलं मल्टिटूल दोन-तीन हजारांना पडतं. हेल्मेट, राइडचे कपडे आणि बूट मात्र हातात. सायकल एक दिवस उशिरा आली तर सायकल भाड्याने मिळेल, मापाचे बूट मिळणार नाहीत.

विमान कंपन्यांचे नियम तीन तऱ्हांचे असतात. काही कंपन्या सायकल तुमच्या नेहमीच्या सामानातच धरतात, नगात आणि वजनात बसली की वेगळे पैसे नाहीत. काही वेगळं शुल्क घेतात आणि आधी नोंद मागतात, हे शुल्क जाताना आणि येताना स्वतंत्र. तिसऱ्या लांबी-रुंदी-उंचीची बेरीज बघतात आणि ती ठरावीक मापापुढे गेली की म्हणतात कार्गोने पाठवा. तुमच्या खोक्याची बेरीज २४० सेंटीमीटर. साध्या बॅगेची मर्यादा सहसा १५८ असते, म्हणून सायकलीसाठीचा वेगळा नियम त्या कंपनीकडे आहे का, हे तिकीट काढण्याआधी वाचायचं. नंतर वाचून उपयोग नाही. वजन काही झालं तरी बत्तीस किलोच्या पुढे नको, एका माणसाने उचलायच्या नगाला तेवढीच मुभा असते.

तिकीट काढल्यावर चोवीस तासांच्या आत फोन करून सायकलीची नोंद करून घ्या आणि तशी ईमेल मागा. फोनवरचं ‘हो मॅडम, चालेल’ काउंटरवर कामाला येत नाही. छापील कागद येतो. माझ्या एका गिऱ्हाइकाला काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की सायकल घेत नाहीच, यांनी शांतपणे त्याच कंपनीचा कागद पुढे केला, वीस मिनिटांनी खोका आत. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असा प्रकार असेल तर दोघींचेही नियम बघा, कारण काउंटरवर सहसा विमान उडवणाऱ्या कंपनीची माणसं असतात. आणि दोन टप्प्यांची दोन वेगळी तिकिटं कधीही घेऊ नका. स्वस्त पडतात, पण मधल्या विमानतळावर खोका पट्ट्यावरून घेऊन पुन्हा द्यावा लागतो, आणि त्यासाठी कधीकधी त्या देशाचा व्हिसाही लागतो.

मुंबईत चार तास आधी पोचा. वजन झाल्यावर खोका नेहमीच्या पट्ट्यावर जात नाही, मोठ्या सामानाच्या वेगळ्या जागी न्यावा लागतो. तिथे उघडायला सांगू शकतात. म्हणून आत सगळ्यात वर टेपचं एक नवं रीळ ठेवा. झाकणावर मोठ्या अक्षरांत ‘सायकल, आडवी ठेवू नये’ असं इंग्रजीत लिहा. कुणी पाळेल असं नाही. मी लिहितो ते मनाच्या समाधानासाठी, बांधतो मात्र ती आडवी पडणार असं धरूनच.

कस्टम. भारतातून बाहेर नेलेली महागडी वस्तू परत आणताना ‘ही तिकडे विकत घेतली’ असा संशय येऊ शकतो. त्यासाठी जातानाच कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येतं, पण खोका विमान कंपनीच्या ताब्यात देण्याआधी, कारण त्यांना वस्तू बघायची असते. फ्रेमचा नंबर पेडलच्या धुरीखाली, फ्रेमच्या पोटाला कोरलेला असतो. त्याचा फोटो आणि बिलाची प्रत जवळ ठेवा. तुमची सायकल तीन वर्षं जुनी, चरे पडलेली, मडगार्ड लावलेली आहे असं तुम्ही लिहिलंय. अशा सायकलीला मला कधी कुणी हटकलं नाही. नवी कोरी कार्बनची असती तर प्रमाणपत्र घ्याच म्हटलं असतं. राइडनंतर कुणी पुढे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला सायकल घेऊन जाणार असेल तर टायर आणि बुटांचे तळ घासून धुवावेत, तिथे माती चिकटलेली दिसली की सामान अडकतं.

पॅरिसचा मोठा विमानतळ शहराच्या ईशान्येला आणि रांबुइये नैऋत्येला, मध्ये अख्खं पॅरिस. लोकलने जाता येतं, मोंपार्नास स्थानकावरून रांबुइयेची गाडी आहे, पण तिथवर हा खोका घेऊन जिन्यांवरून चढउतार करण्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून व्हॅन करा. आणि पोचल्यावर लॉजमध्ये खोका कुठे ठेवू देतील ते आधी ईमेलने विचारा. २०२३ ला माझ्या शेजारच्या खोलीतल्याचा खोका सफाईवाल्यांनी रद्दीत टाकला, चूक त्यांची नव्हतीच, रिकामा पुठ्ठाच तो! त्याने शेवटी दुसऱ्या गावच्या सायकल दुकानातून खोका मिळवला, तो दोन बोटं आखूड निघाला. खोक्यावर परतीची तारीख आणि ‘टाकू नका’ असं फ्रेंचमध्ये लिहा. भाषांतर फोनवर मिळतं.

विमा काढा आणि त्यात सायकल नावाने आहे का बघा. विमान कंपनीची जबाबदारी हवाई प्रवासाच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार मर्यादित असते, २०२४ च्या डिसेंबर अखेरीपासून प्रवाशामागे १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), रुपयांत साधारण पावणेदोन लाखांच्या आसपास, त्यात तुमचं सगळं सामान आलं. खोका फाटलेला दिसला तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच उघडा, फोटो काढा आणि तिथल्या काउंटरवर लेखी तक्रार देऊन तिचा नंबर घ्या. घरी येऊन कळलं तर सात दिवसांत लेखी कळवावं लागतं. परतीला तर हटकून राहून जातं, कारण घरी आलेला माणूस खोका पलंगाखाली सरकवतो आणि आठवडाभर झोपतो. मीही तेच केलं होतं. नवव्या दिवशी उघडला, मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटलेले.

घरी तालीम दोनदा करा. एकदा सावकाश, एकदा हातात जाड हातमोजे घालून. हसू नका, बधिर बोटांची तीच सगळ्यात जवळची नक्कल आहे. मोज्यांनी जो बोल्ट सुटत नाही त्याचं काहीतरी आत्ताच करायला हवं.

आणि तुमच्या सायकलीच्या हँगरचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. त्यावर बारीक अक्षरांत नंबर असतो, तो कळवलात तर कुठला बसेल ते बघून सांगतो. काही हँगर परदेशातून मागवावे लागतात आणि यायला दोन-दोन महिने घेतात.